पांढऱ्या पट्ट्यावरचे आठ हात

हे ऐकीव नाही. मी तिथे होतो.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. 'म्हणे', 'असं समजतं', 'लोक सांगतात' असे शब्द बातमीत दिसले की मी त्यांच्यावर आधी काट मारतो. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यात मी पाहिलेलं आणि माझ्या दादाने माझ्यासमोर सांगितलेलं, एवढंच आहे.

अशा गोष्टी रात्री घडतात असा समज आहे. ही सकाळी घडली. रविवारी, चहाची दुसरी फेरी झाल्यावर.

जागा म्हणजे तलावावरचा सेलिंग क्लब. पत्र्याची एक शेड, शिडाच्या काही होड्या आणि पाण्यात शिरलेली जुनी लाकडी जेट्टी. जेट्टी कुजत चालली होती. कंत्राटदाराच्या नादी लागण्यापेक्षा आपणच करू, असं सभासदांनी ठरवलं. दर रविवारी श्रमदान. जुन्या जेट्टीच्या टोकाला नवे तरंगते तराफे एकापुढे एक जोडत जायचं. खाली हवाबंद पिंपं, वर फळ्या.

या कामाचा प्रमुख माझा दादा. त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. आवाज मोठा, तोंड चोवीस तास चालू. मला पोहता जेमतेम येतं. पण "घरी बसून अंडी उबवतोयस का?" असं म्हणून तो मला ओढून न्यायचा.

आणि वहिनी.

वहिनी मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. पेशंटचं पोट शिवण्याआधी आत गेलेला प्रत्येक बोळा, प्रत्येक चिमटा बाहेर आला की नाही, ते ती मोजते. तिने "बरोबर" म्हटल्याशिवाय सर्जन टाका घालत नाही. इतक्या वर्षांत तिची मोजणी एकदाही चुकली नव्हती.

म्हणून क्लबात विंच तिच्या हातात दिलं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. विंच म्हणजे दांड्याने फिरवायचं लोखंडी रहाट. ते जुन्या जेट्टीवर बोल्टने पक्कं केलेलं. त्यावरून निघालेला तारेचा दोर नव्या तराफ्याच्या कडीत अडकवायचा. दांडा फिरवला की तराफा जेट्टीकडे ओढला जातो, मधली फट मिटते, आणि मग बिजागऱ्यांत खिळी ठोकायच्या. तराफा दिसायला साधा, पण त्याचं वजन बैलगाडीएवढं. त्या फटीत काही राहिलं, तर ते राहिलंच.

त्यासाठी क्लबचा एक नियम होता. प्रत्येक तराफ्याच्या डाव्या-उजव्या कडांना, फटीपासून दूर, पांढरा पट्टा रंगवलेला. विंचवरच्या माणसाने ओरडायचं, "हात!" मग जो जिथे असेल त्याने बाजूला येऊन दोन्ही हात पट्ट्यावर ठेवायचे. वरच्यांनी वरून, पाण्यातल्यांनी बाहेरून. पाण्यातला माणूस कडेच्या खाली असतो, विंचवरून तो दिसत नाही. त्याचे पंजे तेवढे दिसतात. नारिंगी रबरी हातमोज्यांतले.

पंजे मोजायचे. पुरे भरले की विंच फिरवायचं.

"आमच्या थिएटरमध्ये आणि इथे फरक एवढाच," वहिनी म्हणायची, "तिथे पेशंट गप्प पडलेला असतो. इथे तुमचा दादा असतो."

आधीच्या रविवारी एक गोष्ट घडली होती. तेव्हा आम्ही ती हसण्यावारी नेली.

आमच्यात एक इलेक्ट्रिशियन होता. दार अडेल एवढा आडवा, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणायचे. तो छातीभर पाण्यात उभा राहून पिंपाचा पट्टा आवळत होता. पाणी आरशासारखं. वारा नाही. एकदम तो मागे फेकला गेला. वर आला तेव्हा नाकातून रक्ताची धार लागली होती.

"कुणी मारलं रे?" सुतार वरून म्हणाला. सुतार म्हणजे आमच्यातला एकटा खरा कारागीर. जीभ त्याच्या रंध्यापेक्षा धारदार.

"डोकं मारलं कुणीतरी," बारक्या म्हणाला. "सरळ नाकावर."

"मासा असेल."

"माशाला कपाळ असतं का?"

दादा हसला. तराफा हलला असेल, म्हणाला. बारक्याने नाकात कापूस घातला आणि पुन्हा उतरला.

तराफा हलला नव्हता. मी त्याच्यावरच बसलो होतो.

त्यानंतरचा हा रविवार.

तलावावर धुकं बसलं होतं. जेट्टीच्या टोकावरून शेड दिसेना. शेवटचा तराफा जोडायचा होता. तराफ्यावर मी आणि सुतार. पाण्यात दादा आणि बारक्या. विंचवर वहिनी. बाकीचे सभासद शेडमागे होड्या घासत होते.

कामाला लागून थोडा वेळ झाला आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते पटकन कळेना.

मग कळलं…

आवाज नव्हता.

शिडाच्या होड्या जिथे असतात तिथे एक आवाज कायम असतो. दोऱ्या डोलकाठ्यांवर आपटतात. टिंग… टिंग… टिंग. वारा नसला तरी पाण्याच्या हालचालीने कुठली ना कुठली दोरी वाजतेच. सवयीने तो आवाज कानांना कळतही नाही.

तो थांबला होता. सगळ्या होड्यांचा. एकदम.

"दादा," मी खाली वाकून म्हणालो, "ऐक."

"काय ऐकू?" तो फटीत होता, जेट्टी आणि तराफ्याच्या मधोमध. जुन्या बिजागरीत गंजलेला खिळीचा तुकडा अडकला होता, तो छिन्नीने काढत होता. "काहीच तर ऐकू येत नाहीये."

"तेच म्हणतोय."

"साहेब, बातम्या उद्या. आज पाना द्या."

मी पाना दिला. त्याचा चेहरा मला शेवटचा धड दिसला तो तेव्हा.

थोड्या वेळाने खालून त्याचा आवाज आला. "निघाला! झालं. घ्या ओढून."

"आधी बाहेर या," वहिनी ओरडली.

"येतोय गं बाई."

मग तिने आरोळी दिली. "हात!"

मी फटीकडे पाठ करून उजव्या पट्ट्यावर गुडघे टेकून दोन्ही पंजे ठेवले. सुताराने माझ्याशेजारी ठेवले. आमच्या पुढे, बाहेरून, बारक्याचे जाडजूड पंजे आले. पाठोपाठ त्याचं फुरफुरणं, नाक शिंकरणं.

आणि पलीकडे, डाव्या पट्ट्यावर…

दोन नारिंगी पंजे वर आले.

आधी एक. मग दुसरा. बोटं फळीवर टेकली. पाणी निथळलं. मी ते येताना पाहिले. आधीपासून पडलेले नव्हते ते. ते आले.

दादा पाण्यातून वर येतो तेव्हा गप्प येत नाही. धापा टाकतो, थुंकतो, कुणाला तरी शिवी घालतो. त्या वेळी डाव्या बाजूने काहीच आलं नाही. श्वाससुद्धा नाही.

मला ते जाणवलं. पण दोन पंजे समोर दिसत होते. आपलं डोकं दिसणाऱ्यावर विश्वास ठेवतं.

वहिनीने मोजले. थिएटरमध्ये मोजते तसे, मोठ्याने, प्रत्येकाकडे बोट दाखवून. "सहा… सात… आठ. बरोबर."

चार माणसं. आठ हात.

तिने दांडा धरला.

खट्… खट्… खट्…

तराफा सरकायला लागला. फट अरुंद झाली. खट्… खट्… मग दांडा जड झाला. वहिनीने अंगाचा भार टाकला.

फटीतून एक आवाज आला. ओलं लाकूड दडपून मोडावं तसा.

"शेवाळ आलं वाटतं मध्ये," सुतार म्हणाला.

आणि मग दादा ओरडला.

तो आवाज डावीकडून आला नाही. आमच्या मागून आला… फटीतून.

मी मागे वळलो. फट वीतभर राहिली होती. त्यात दादाचा चेहरा होता. गाल फळीला चिकटलेला, तोंड वासलेलं. छाती जेट्टी आणि तराफ्याच्या मध्ये होती. तोंडातून फेस येत होता. त्याचा रंग गुलाबी होता.

मी परत समोर पाहिलं.

डाव्या पट्ट्यावर ते दोन हात होते. तसेच. शांत.

दादा फटीत होता. आणि हात पट्ट्यावर होते.

सुतारानेही पाहिलं. त्याने शेजारचा हातोडा उचलला, तराफ्यावरून रांगत पलीकडे गेला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून डाव्या पंजावर घाव घातला.

हाडाचा आवाज झाला. मी ऐकला.

पंजा चपटा झाला, पण निघाला नाही. दुसऱ्या पंजाने सुताराचं मनगट धरलं. एकदा वर उचलून त्याचा हात फळीवर आपटला. पुन्हा उचलला. पुन्हा आपटला. सुताराची दोन बोटं उलटी वाकलेली मला दिसली. मग तो पंजा सुटला. दोन्ही पंजे कडेवरून मागे सरकले आणि खाली गेले.

पाण्याचा आवाज झाला नाही.

"सोडव! विंच सोडव!" मी किंचाळलो.

वहिनीला काही कळत नव्हतं, पण तिचे हात चालत होते. विंच उलटं फिरवायचं तर आधी खटका उचलावा लागतो. तिने तो उचलला. दांडा तिच्या हातातून निसटला आणि गरकन उलटा फिरून तिच्या तोंडावर बसला. ती पडली. उठली. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, समोरचे दात नव्हते. तिने पुन्हा दांडा धरला. तो हलेना. खटका वर होता, अडायला काहीच नव्हतं, तरी तराफा मागे जाईना. खालून कुणीतरी ओढून धरल्यासारखा.

बारक्या वर चढला. पहार घेऊन फटीत घातली आणि तिच्यावर लोंबकळला. फट बोटभर उघडली. परत मिटली. दादाच्या घशातून पुन्हा तोच आवाज आला, आता बारीक.

"तार कापा," वहिनी म्हणाली. दात नसलेल्या तोंडाने. "भाऊजी, तार कापा."

बॅटरीचा ग्राइंडर शेजारीच होता. मी तो तारेला लावला. ठिणग्या उडाल्या. ताणलेली तार कापली जाते तेव्हा ती चाबूक होते, हे मला माहीत नव्हतं. ती सुटली आणि बारक्याच्या गालावर बसली. कानापासून ओठापर्यंत त्याचा गाल उघडा पडला. त्याने पहार सोडली नाही.

फट उघडली.

दादा वर यायला हवा होता. तो खाली गेला.

बुडणारा माणूस जातो तसा नाही. झटक्यात. मी आडवा पडून त्याचा उजवा हात धरला. बारक्याने माझ्यावरून झेप टाकून त्याची कॉलर पकडली. आम्ही वर ओढत होतो. खालून ओढलं जात होतं. पाण्यात दादाचं डोकं एकदा वर यायचं, एकदा आत जायचं. माझ्या हातात त्याचा खांदा निखळला. तो निखळताना झालेला आवाज मी कितीही प्रयत्न केला तरी विसरू शकत नाही.

"सोडू नका," वहिनी मागून म्हणत होती. "खांदा बसवता येतो. सोडू नका."

आणि एकदम… वजन गेलं.

दादा आमच्या अंगावर येऊन पडला.

त्याच्या दोन्ही हातांत त्याचे हातमोजे घातलेलेच होते.

टिंग.

एक दोरी वाजली. मग दुसरी. मग सगळ्या.

वहिनीने दादाला तिथेच, फळ्यांवर, परत आणला. तोंडातून रक्त थुंकत, त्याच्या घशात बोटं घालून. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा तो श्वास घेत होता. फासळ्या मोडल्या होत्या, एक फुप्फुस फाटलं होतं, कंबरेच्या हाडाचे तुकडे झाले होते. गळ्याला भोक पाडून नळी घातली. कितीतरी आठवडे त्याला बोलता येत नव्हतं.

दरम्यान क्लबने बैठक घेतली.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. त्याने सगळ्यांना विचारलं. मी जे पाहिलं ते सांगितलं. त्याने लिहिणं थांबवलं.

"तुम्ही सख्खे दीर," तो शेवटी हळू आवाजात म्हणाला. "मी समजू शकतो."

बारक्या म्हणाला, मी उजवीकडे पाण्यात होतो, मला पलीकडचं दिसलं नाही. त्याच्या गालाला टाके होते, तो एका बाजूने बोलत होता. खोटं बोलत नव्हता.

मग सुतार. हाताला प्लास्टर. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने जमिनीकडे.

"पट्ट्यावर हातमोजे पडलेले होते," तो म्हणाला. "रिकामे. कुणीतरी वाळत टाकलेले."

"आणि तुमची बोटं?"

"घाईत हातोडा माझाच मला लागला."

बैठक संपल्यावर मी त्याला शेडच्या कोपऱ्यावर गाठलं. "तू पाहिलंस," मी म्हणालो. "तुझा हात आपटला त्याने."

"हो," तो म्हणाला.

"मग?"

"मला आणखी दहा वर्षं पाण्यावर काम करायचंय. जे पाहिलं ते तोंडाने बोललो तर पुन्हा पाण्यात पाय घालता येईल का मला?" तो गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

निष्कर्ष असा निघाला, की वहिनीने रिकामे हातमोजे मोजले. चूक अनवधानाने झाली. कुणावर ठपका नाही. कागदावर ठपका नव्हता, पण तोंडं कोण धरणार? चहाच्या टपरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं. "ही म्हणे पोटातले बोळे मोजते. देवच रक्षण करो त्या पोटांचं."

वहिनीने ते कुणाकडून ऐकलं, माहीत नाही. पण तिला ते बाहेरून ऐकायची गरजच नव्हती.

तिने थिएटरमधून बदली मागून घेतली. ओपीडीत केसपेपर फाडायला बसली. घरी मी जायचो तेव्हा ती भांडी लावत असायची. चमचे मोजायची. डब्यात ठेवायची. परत काढायची. परत मोजायची.

"किती झाले, भाऊजी? तुम्ही मोजा."

"बारा."

"मलाही बाराच येतायत," ती म्हणायची. "पण तेव्हाही मला आठच आले होते."

मी तिला सांगायचो, वहिनी, तू बरोबर मोजलंस, मी पाहिलेत ते हात. ती मान हलवायची. आजारी माणसाचं मन राखायला मी बोलतोय असं तिला वाटायचं. उपसंपादकाची साक्ष घरातच टिकत नव्हती.

दादा घरी आला. नळी निघाली. तो पुन्हा बोलायला लागला, पण दोन-दोन शब्द. त्या सकाळचा विषय निघाला की डोळे मिटून घ्यायचा. वहिनीने त्याचा अर्थ एकच लावला. चूक तिचीच, नवरा फक्त तोंडाने तसं म्हणत नाही.

एका दुपारी मी बसलो होतो. दादा खिडकीपाशी खुर्चीत. वहिनी आतून आली, हात पुसले आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसली. उद्याच हॉस्पिटलात गेल्यागेल्या राजीनामा टाकणार, असं तिने मला दारातच सांगितलं होतं.

"अहो," ती म्हणाली. "एकच विचारते. खरं सांगा. माझी हाक ऐकू आली होती?"

दादाने डोळे मिटले.

"मिटू नका. आली होती?"

त्याने डोळे उघडले.

"आली," तो म्हणाला.

"मग बाहेर का नाही आलात?"

"येऊ दिलं नाही."

वहिनीने स्टूल जवळ ओढलं.

"मागून मिठी मारली," दादा म्हणाला. आवाज घोगरा होता, नळीने खरवडलेला. "काखेतून हात घालून. मला वाटलं बारक्या मस्करी करतोय. म्हटलं, सोड रे गाढवा, बायको विंचवर आहे. सोडलं नाही. आवळलं. मला पाण्याखाली दाबलं. मी वर यायचो, तुझं मोजणं ऐकू यायचं. पाच… सहा… पुन्हा खाली."

"तुम्ही ओरडायचं होतंत."

"तोंडात पाणी होतं."

तो थांबला. त्याची बोटं खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी चाचपत होती.

"कुणी मागून धरलं तर काय करायचं असतं? त्याचं एक बोट पकडायचं आणि मागे वाकवायचं. कसलाही पैलवान सोडतो. मी छातीवर हात नेले. बोटं शोधली."

"मग?"

"बोटं नव्हती."

वहिनी पुढे झुकली.

"पंजेच नव्हते गं," दादा म्हणाला. "दोन्ही हात मनगटापर्यंत. पुढे काही नाही. मी चाचपून पाहिलं… गुळगुळीत होतं."

खोलीत पंखा फिरत होता. तेवढाच आवाज.

दादाला पट्ट्यावरच्या हातांबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी मनाई केली होती. बैठकीचाही त्याला पत्ता नव्हता. हे मी नंतर दोनदा तपासलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"डावीकडचे," ती म्हणाली. "तुम्ही येताना पाहिलेत."

"पाहिले."

"भरलेले होते हातमोजे?"

"भरलेले होते, वहिनी. सुताराने मारला तेव्हा हाड वाजलं."

"मग आठच होते."

"आठच होते."

तिने पदर तोंडावर दाबला. मला वाटलं रडतेय. ती मोजत होती. हळू, पुटपुटत. एकपासून आठपर्यंत, आणि परत एकपासून. मग थांबली. उठली आणि आत जाऊन हॉस्पिटलात फोन लावला. थिएटरच्या मोठ्या सिस्टरना म्हणाली, सोमवारपासून मला परत घ्या.

ती परत गेली. तिची मोजणी आजही चुकत नाही.

मी माझ्या परीने शोध घेतला. क्लब सुरू झाल्यापासूनच्या माणसांना भेटलो. जुने अंक चाळले. त्या तलावात कुणाचे हात तुटले, कुणी फटीत सापडलं, कुणी बुडालं, असं एकही प्रकरण मला मिळालं नाही. मिळालं असतं तर बरं झालं असतं. निदान त्याला नाव देता आलं असतं.

क्लबमध्ये ती जेट्टी अजून वापरात आहे. शेवटचा तराफा त्यांनी नंतर जोडून घेतला. कसा, ते मी विचारलं नाही.

आता घरातलं एक सांगतो आणि थांबतो.

दादाला अजून स्वतःहून उठता येत नाही. कंबर धरत नाही. अशा माणसाला उठवायची एक पद्धत असते. मागे उभं राहायचं, काखेतून हात घालायचे, छातीवर पंजे गुंफायचे आणि उचलायचं. वहिनीने आयुष्यभर शेकडो पेशंट असे उठवलेत.

घरी आल्यावर पहिल्यांदा तिने त्याला तसं उचललं, तेव्हा तो गुरासारखा ओरडला होता. शेजारी धावत आले. तेव्हा आम्हाला कारण कळलं नव्हतं.

आता ती आधी मागे उभी राहते. दोन्ही हात त्याच्या खांद्यांवरून पुढे आणते आणि पंजे त्याच्या डोळ्यांसमोर धरते. बोटं पसरून.

दादा मोजतो. प्रत्येक बोटाला स्पर्श करून. दहा झाल्यावर म्हणतो, "बरोबर."

मग ती उचलते.

परवा मी तिथे होतो. तिने पंजे धरले. दादा मोजत होता. सात… आठ… आणि थांबला. त्याने मान वळवली, तिच्या हातांकडे नाही, स्वतःच्या छातीकडे. कितीतरी वेळ तो तिकडे बघत राहिला.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "तू अजून धरलेलं नाहीस ना मला?"

"नाही."

"बरं," दादा म्हणाला, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला.